होऊ शकणाऱ्या बायका

पारा सांडला की त्याचे मणी होतात. मणी टेबलाखाली पळतात, भिंतीच्या कडेला लपतात, आणि झाडूने गोळा केले की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा एक होतात.

*

एकोणीसशे बासष्टच्या फेब्रुवारीत आठ ग्रह मकर राशीत जमणार आणि जग बुडणार, हे बेंगळुरूच्या बसवनगुडीत सगळ्यांना माहीत होतं. गांधी बझारात तूप मिळेनासं झालं. जग बुडायच्या आत होम उरकायचे होते.

*

ठकुबाईचा नवरा चिकोडीला वारला, त्याला पुष्कळ वर्षं झाली.

*

चिमणी कुठेही घरटं करते. पंख्यातसुद्धा.

*

"पंधरा ते पन्नास या वयातली प्रत्येक स्त्री गर्भवती आहे किंवा होऊ शकते असं समजावं."

*

अंगठी घालून पाऱ्याला हात लावू नये. पारा सोनं खातो.

*

या सगळ्या गोष्टी एकाच इमारतीत जमल्या.

इमारत बनशंकरीच्या रस्त्याला होती. चहूकडे नाचणीची शेतं आणि मधोमध सरकारी थर्मामीटर कारखाना. दवाखान्यातले, शाळांच्या प्रयोगशाळेतले, दुधाच्या डेअरीतले थर्मामीटर तिथे तयार होत. केसासारख्या बारीक काचेच्या नळीत पारा चढवायचं काम पारा-खोलीत चाले, आणि ते बायका करत. एकूण सात बायका. त्यातली ठकुबाई पारा भरत नसे, सांडलेला गोळा करत असे.

सगळ्यांत स्थिर हात प्रतिमा हुदलीकरचा. ती निपाणीची, लग्न होऊन बेंगळुरूला आलेली. तिच्या नळीत हवेचा बुडबुडा सापडला तर तो दाखवायला इतर खात्यांतून माणसं बोलवावीत, इतकी ती दुर्मीळ गोष्ट होती.

खोलीचे जुने चार्जहँड, म्हणजे मेस्त्री, निवृत्त झाले. त्या जागेसाठी पाच फेब्रुवारीला परीक्षा ठरली. मद्रासहून परीक्षक येणार होते. अट एवढीच, की उमेदवार पारा-खोलीत काम करणारा असावा. प्रतिमाने अर्ज दिला. त्याच दिवसापासून बाकीच्या बायका तिला 'मेस्त्री' म्हणायला लागल्या. ती "गप्प बसा गं" म्हणे, पण घरी जाताना बसमध्ये तो शब्द मनातल्या मनात दोन-तीनदा म्हणून बघे.

त्याच सुमारास भीमाचार्यांनी वर्तमानपत्र वाचलं.

*

भीमाचार्य कारखान्याचे सुरक्षा अधिकारी. मूळ धारवाडचे. मराठी, कानडी, संस्कृत आणि सरकारी इंग्रजी या चारही भाषा ते एकाच चालीत बोलत, त्यामुळे आग विझवायच्या सूचनासुद्धा आरतीसारख्या वाटत. माणूस मनाचा चांगला. कुणाला खरचटलं तरी स्वतः आयोडीन घेऊन धावत.

वर्तमानपत्रात बातमी होती, की दिल्लीत बाळंतिणींसाठी नवा कायदा मंजूर झाला आहे. अजून लागू व्हायचा होता. पण भीमाचार्यांना वाटलं, लागू झाल्यावर तर कुणीही पाळेल. आधी पाळण्यात खरं पुण्य. त्यांनी दार बंद करून स्वतःच एक नियम तयार केला, त्याला 'गर्भसंरक्षण' असं नाव दिलं, ते नाव तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं, आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी फळ्यावर लावलं.

त्या दिवशी ते स्वतः तिळगूळ वाटत पारा-खोलीत आले.

"तिळगूळ घ्या, गोड बोला," ते प्रत्येकीला म्हणाले. "आणि उद्यापासून पॅकिंगला जा."

*

फळ्यासमोर.

"अक्का, वाच की. काय लिवलंय?" ठकुबाईने विचारलं.

प्रतिमाने वाचलं. पाऱ्याची वाफ गर्भाला घातक. म्हणून पंधरा ते पन्नास या वयातल्या बायकांना पारा-खोलीत बंदी. प्रत्येक स्त्री गर्भवती आहे किंवा होऊ शकते असं समजावं. ज्यांना मूल होणं शक्य नाही, त्यांनी डॉक्टरचा तसा दाखला आणावा.

"म्हंजे मी बी?"

"तुमचं वय काय, ठकुबाई?"

"पन्नास काय झालं नसंल. शाळंत घातलं असतं तर नक्की सांगितलं असतं."

"मग तुम्हीही."

ठकुबाईने डोक्यावरचा पदर नीट केला. "माझा मालक जाऊन इतकी वर्सं झाली. मी आशा सोडली. सरकारनं सोडली न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती दाखला मागायला सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाला, वय पन्नासच्या आत असेल तर शक्य नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. ठकुबाई परत आली आणि पॅकिंगच्या खोलीत कापसाच्या ढिगावर बसली. "डाक्टर बी सरकारच्याच पार्टीचा," ती म्हणाली.

*

भीमाचार्यांच्या खोलीत. बोलणं झालं ते असं:

प्रतिमा: आचार्य, पारा गर्भाला वाईट, हे खरं?

भीमाचार्य: अगदी खरं. पुस्तकात आहे.

प्रतिमा: आणि पुरुषाच्या छातीला?

भीमाचार्य: तेही पुस्तकात आहे. पण वेगळ्या पानावर.

प्रतिमा: मग वाफ बाहेर घालवायचा पंखा चालू करा ना. खोलीत मोठा पंखा आहे. दसऱ्यापासून बंद आहे.

भीमाचार्य: (दोन्ही हात जोडून) अय्यो, त्यात चिमणीचं घरटं आहे. अंडी असतील. पातं फिरलं तर भ्रूणहत्या होईल.

प्रतिमा: चिमणीला हलवा.

भीमाचार्य: चिमणीला कसं हलवणार?

प्रतिमा: आम्हाला हलवलंतच की.

भीमाचार्य: तुम्ही ऐकता. चिमणी ऐकत नाही.

प्रतिमा: आणि माझी परीक्षा?

भीमाचार्य: परीक्षा पारा-खोलीतल्यांसाठी आहे, प्रतिमाबाई. आता तुम्ही पॅकिंगच्या. (फार मायेने) तिथे खुर्ची दिली आहे. उशीही सांगितली आहे.

उशी खरोखर आली. वर भरतकाम होतं, दोन मोर.

*

प्रतिमा पॅकिंगमध्ये थर्मामीटर कापसात गुंडाळू लागली. पहिल्या दिवशी तिला राग आला. दुसऱ्या दिवशी झोप आली. त्या आठवड्याच्या शेवटी तिला उलटी आली.

रविवारी ती आणि तिचा नवरा उपेंद्र लालबागेच्या खडकावर बसले होते. उपेंद्र एका संशोधन संस्थेत नकाशे काढायचा. त्याला सरळ रेघेशिवाय काहीच आवडत नसे. प्रतिमाने त्याला सांगितलं.

उपेंद्र एकदम उभा राहिला. मग बसला. मग तिच्या हातातली शेंगदाण्याची पुडी त्याने काढून घेतली.

"काय झालं?" प्रतिमाने विचारलं.

"जड असेल."

"शेंगदाणे?"

त्याने पुडी परत दिली.

"म्हणजे आचार्यांचं बरोबरच निघालं म्हणायचं," तो जरा भीत भीत म्हणाला.

"त्यांनी सातजणींवर दगड मारला, एकीला लागला. याला बरोबर म्हणतात?" ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "मलाही भीती वाटते रे. पारा मी इतकी वर्षं बघतेय. पण भीती माझी आहे. काय करायचं ते मी ठरवलं असतं. पंखा चालू असता तर अजून दोन-तीन महिने केलं असतं, नंतर स्वतःच बाजूला झाले असते. त्यांनी माझी भीती काढून घेतली आणि त्या बदल्यात मोर दिले."

"मोर?"

"उशीवर."

उपेंद्र हसला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. सोमवारी तो संस्थेच्या ग्रंथालयात गेला आणि दिल्लीच्या त्या कायद्याचा मजकूर शोधून वाचून आला. संध्याकाळी चपला काढायच्या आधीच दारातून म्हणाला, "त्यात बंदी नाहीच! बाईने विनंती केली तर तिला शेवटच्या महिन्यांत अवघड काम देऊ नये, असं आहे. विनंती केली तर!"

हे त्याने इतक्या मोठ्याने सांगितलं की स्वयंपाकघरातून त्याची आई बाहेर आली.

"कुठली बाई? कसले महिने?" अंबुबाईंनी विचारलं.

*

अंबुबाई.

उपेंद्रची आई, वय अठ्ठावन्न, म्हणजे भीमाचार्यांच्या नियमातून सुटलेली. अष्टग्रहीची त्यांची तयारी पूर्ण झाली होती. दर्भ आणला होता, तुळशी होत्या, आणि त्या तीन दिवसांत कुणी काय करायचं नाही याची उजळणी रोज चालू होती. आता सुनेला दिवस गेलेत हे कळल्यावर उजळणीत भर पडली. चिरायचं नाही, शिवायचं नाही, उंबऱ्यावर बसायचं नाही, अंगणात यायचं नाही. सरळ पडून राहायचं.

"आणि पाचवा लागेपर्यंत बाहेर कुणाला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "दृष्ट लागते."

"अत्याबाई, कारखान्यात फळ्यावरच लावलंय," प्रतिमा म्हणाली.

"काय?"

प्रतिमाने नियम सांगितला. वाफ, दाखला, पॅकिंग, उशी, सगळं.

अंबुबाई ऐकत राहिल्या. सुनेला घरात बसवणारा नियम. त्या खूश होतील असं उपेंद्रला वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"हा भीमाचार्य कोण? आपल्या माहेरचा का सासरचा?"

"सुरक्षा अधिकारी."

"मग माझ्या नातवाची काळजी करायला त्याला कुणी सांगितलं? मी घरात आहे ती काय शोभेला? सरकार आता डोहाळेही पुरवणार का? आणि बारशाला नाव कोण ठेवणार, दिल्ली?"

त्या रात्रीच्या आमटीत मीठ दोनदा पडलं.

*

दरम्यान पारा-खोलीत.

बायकांच्या जागी पॅकिंगमधले पुरुष आले. त्यांचा म्होरक्या पद्माकर. कुरळे केस, उजव्या हातात सोन्याची खड्याची अंगठी, कानात भिकबाळी. परीक्षेला आता तोच बसणार होता. अर्जही त्याने दिला होता.

पारा-खोलीच्या दाराबाहेर सात खिळे होते. बायका आत जाताना मंगळसूत्रं, बांगड्या, कानातलं तिथे पिशवीत काढून ठेवत आणि नुसते काळे मणी घालून कामाला बसत. ही गोष्ट कुठल्या नियमात नव्हती. जुनी बाई नवीन बाईला पहिल्या दिवशी सांगायची, एवढंच. पुरुषांना खिळे दिसले. त्यावर त्यांनी डबे अडकवले.

तिसऱ्या दिवशी पद्माकर किंचाळला.

त्याची अंगठी पांढरी झाली होती. सकाळी सोन्याची होती, दुपारी चांदीची. खडाही हलत होता. मग दुसऱ्याची अंगठी. मग तिसऱ्याचं लॉकेट. त्यावरचा मारुती फटफटीत पडला होता.

अष्टग्रहीला जेमतेम दोन आठवडे उरले असताना सोन्याची चांदी होणं, याचा अर्थ सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. भोजनाच्या सुट्टीत कारखानाभर बातमी पसरली. कुणी म्हणालं, शनीचा हा पहिला हप्ता. कुणी म्हणालं, आज सोनं, उद्या हाडं. पद्माकर अंगठी रुमालात गुंडाळून पॅकिंगच्या दाराशी आला.

"ठकुबाई! तुमच्या वेळी कधी असं झालं होतं?"

"कसं व्हईल? आमी सोनं काडून ठिवायचो."

"मग आम्हाला सांगायचं नाही?"

"मला आत यायला बंदी. म्या पोटुशी व्हईन. भाइरनं वरडून सांगू?"

पद्माकरने प्रतिमाकडे पाहिलं. ती कापूस गुंडाळत होती. तिला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं, आणि ही दोन्ही एकाच तोंडावर मावत नव्हती म्हणून तिने मान खाली घातली.

"तापवली की पारा उडून जातो," ती म्हणाली. "पण मोकळ्या हवेत तापवा. आणि सोनाराला आधी सांगा, त्याच्याही छातीचा प्रश्न आहे."

पद्माकरला हे पटलं नाही. ग्रहांचं कारण जास्त भारी होतं. शनिवारपासून पारा-खोलीत कुणी पाऊल टाकेना.

*

पाच फेब्रुवारी, सोमवार.

सकाळी जग होतं. रस्ते रिकामे, दुकानं बंद, मल्लेश्वरमपासून बसवनगुडीपर्यंत होमांचा धूर, पण जग होतं.

प्रतिमाने साडी नेसली, केसांची घट्ट वेणी घातली, आणि दाराशी आली. उंबऱ्याच्या आत अंबुबाई उभ्या होत्या.

"आज बाहेर पडायचं नाही, सांगितलं होतं."

"परीक्षा आज आहे, अत्याबाई."

"तुला बसू देणार आहेत?"

"नाही."

"मग कशाला जातेस?"

"नाही म्हणायला परीक्षकांना माझ्या तोंडावर म्हणू दे. फळ्यावर नको."

अंबुबाईंनी एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. ग्रह की भीमाचार्य, असा तो हिशेब असावा. मग त्या आत गेल्या आणि तांब्या, तुळशी, दर्भाची जुडी पिशवीत घालून बाहेर आल्या.

"जायचंच असेल तर मी येते. ग्रहांचं मी बघते, पाऱ्याचं तू बघ."

*

कारखान्यात चौकीदार, भीमाचार्य आणि मद्रासहून आलेले परीक्षक, एवढेच लोक होते. पद्माकरचा निरोप आला होता, की तो जपाला बसला आहे आणि जप मध्ये सोडता येत नाही. पॅकिंगमध्ये मात्र ठकुबाई हजर. तिचं म्हणणं, जग बुडायचंच असेल तर कामावर बुडावं, घरी सुनेच्या देखत नको.

परीक्षक उंच, वाळके, घाईत होते. संध्याकाळच्या गाडीने त्यांना परत जायचं होतं. सगळं बोलणं मोडक्या हिंदीत आणि इंग्रजीत चाललं. त्याचा सारांश असा.

"उमेदवार कुठे आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"जप करतो आहे," भीमाचार्य म्हणाले.

"मी आहे," प्रतिमा म्हणाली.

"छान. मग सुरू करू."

"नाही नाही!" भीमाचार्य मधे आले. त्यांच्या कपाळावर सकाळच्या होमाचं भस्म होतं. "या होऊ शकणाऱ्या आहेत."

"काय होऊ शकणाऱ्या?"

"आई."

"आणि चार्जहँड?"

भीमाचार्य खिशात नियमाचा कागद शोधू लागले.

"आचार्य," प्रतिमा म्हणाली, "होऊ शकणारी वगैरे सोडा. आहेच मी. चौथा लागलाय."

अंबुबाईंच्या हातातला तांब्या खाली आला. "सांगितलंस! पाचवा लागायच्या आधी! मद्रासपर्यंत गेलं आता!"

भीमाचार्यांचे डोळे भरून आले. खरंच आले. त्यांच्या नियमाला पहिल्यांदाच खरा गर्भ मिळाला होता. "मग तर आत पाऊल टाकू नका," ते म्हणाले. "माझ्या मुलीसारख्या तुम्ही. कायदा तुमच्यासाठी आहे."

"कायदा मी वाचलाय. माझ्या नवऱ्याने वाचलाय. बाईने विनंती केली तर, असं त्यात आहे. आम्ही कुणी कधी विनंती केली?"

"बायका विनंती करायला लाजतात," भीमाचार्य अगदी मनापासून म्हणाले. "म्हणून तुम्हा सगळ्यांच्या वतीने मीच केली. माझ्याकडेच."

"आणि मान्य झाली?"

"लगेच."

दाराशी उभी असलेली ठकुबाई एवढ्या जोरात हसली, की परीक्षकांनी घड्याळात बघायचं थांबवलं.

प्रतिमा हसली नाही. तिचे तळहात ओले झाले होते आणि ते तिला आवडत नव्हतं. ओल्या हाताने नळी घसरते. तिने ते पदराला पुसले.

"मग आता मी स्वतःच विनंती करते," ती म्हणाली. "गर्भवती बाईची विनंती. नियमाप्रमाणे ऐकावी लागेल ना?"

"एका पायावर ऐकतो."

"पंखा लावा."

*

पुढचं सगळं फार पटपट झालं.

भीमाचार्य म्हणाले, अंडी. प्रतिमा म्हणाली, कुणी पाहिली? भीमाचार्य म्हणाले, चिमणी येते-जाते, म्हणजे अंडी असणार. प्रतिमा म्हणाली, पाहिली कुणी? भीमाचार्य म्हणाले, पाहायला गेलं तर ती घाबरेल.

पंखा भिंतीत उंचावर होता. प्रतिमाने बाहेरच्या खिळ्यावर पिशवीत मंगळसूत्र अडकवलं, आत गेली, कोपऱ्यातलं उंच स्टूल ओढलं आणि त्यावर चढली.

"उतरा!" भीमाचार्य ओरडले.

"उतर!" अंबुबाई ओरडल्या.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. मग दोघेही धावले आणि स्टुलाचे दोन-दोन पाय धरून बसले. धरताना अंबुबाईंच्या हातातल्या पाटल्या सोन्याच्या आहेत, हे ठकुबाईच्या लक्षात आलं. "बाईसाब, पाटल्या!" ती दारातून ओरडली. अंबुबाईंनी एका हाताने स्टूल धरून दुसऱ्या हाताच्या पाटल्या दाताने काढल्या.

परीक्षक खिडकीशी उभे होते. हा परीक्षेचाच भाग आहे की काय, असं त्यांना वाटत असावं. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

"काय दिसतंय?" खालून भीमाचार्यांनी विचारलं.

"काड्या."

"आणि?"

"लोकर. आपलाच पॅकिंगचा कापूस. एक बसचं तिकीट."

"अंडी?"

प्रतिमाने हात आत घालून सगळीकडे फिरवला. जुनं, कोरडं, पोकळ घरटं. त्यात कुणी राहून बरेच महिने झाले असावेत. कदाचित कधी कुणी राहिलंच नसेल.

"नाहीत."

भीमाचार्य स्टुलाचा पाय धरूनच बसले होते. "होऊ शकली असती," ते हळूच म्हणाले.

"आचार्य, स्वल्प बाजूला व्हा," प्रतिमा म्हणाली. "मला उतरायचंय."

बटण दाबलं. पंखा आधी गुरगुरला, मग खोकला, मग फिरला. काड्या, लोकर, कापूस, सगळं सुटून खोलीभर उडालं आणि भीमाचार्यांच्या भस्मावर चिकटलं. खिडकीतून थंड हवा आत आली आणि कोंडलेल्या हवेचा तो वास, जो इतके दिवस नाकाला कळतही नव्हता, तो जाताना पहिल्यांदा कळला.

मग प्रतिमा टेबलाशी बसली आणि परीक्षा झाली. नळी धरली, पारा चढवला, काचेचं तोंड बंद केलं. दुसरी. तिसरी. शेजारी अंबुबाई तुळशीचं पाणी शिंपडत होत्या, काचेवर उडणार नाही इतक्या बेताने. परीक्षकांनी नळ्या उजेडासमोर धरून पाहिल्या. बुडबुडा शोधायला चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"हिला आत का येऊ देत नव्हता?" त्यांनी विचारलं.

"काम चांगलं नाही म्हणून नव्हे," भीमाचार्य म्हणाले. मग ते वाक्य त्यांना स्वतःलाच कसंतरी वाटलं असावं, कारण ते कपाळावरचा कापूस काढू लागले.

संध्याकाळची गाडी परीक्षकांना मिळाली. आठ ग्रह पांगले.

*

नेमणूक झाली, पण तशी सरळ नाही.

फळ्यावर लागलेला नियम मागे घेण्याची पद्धत कारखान्यात नव्हती. आजवर एकही घेतला नव्हता, त्यामुळे कसा घ्यायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी भीमाचार्यांनी त्यातच जागा करून बारीक अक्षरात तीन शब्द घातले: 'तिने विनंती केल्यास'. त्याबरोबर अख्खा नियम उलटा झाला आणि तरी तो तसाच राहिला. हे सुचल्याचा त्यांना फार आनंद झाला. त्यांनी प्रतिमाला बोलावून दाखवलं.

"सरी? बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"सरी," ती म्हणाली.

चार बायका परत आल्या, ठकुबाई पाचवी. एक आली नाही. तिला पारा कधीच आवडला नव्हता; तिने विनंती केली आणि ती पॅकिंगलाच राहिली, मोरांच्या उशीसकट. प्रतिमाने तिला एक शब्दही विचारला नाही.

चार्जहँड म्हणून प्रतिमाने पहिल्या दिवशी सांगितलं, की पंखा बंद तर काम बंद, बायकांचं आणि पुरुषांचंही. पद्माकर तिच्या हाताखाली राहिला. अंगठी खिळ्यावर अडकवून तो आत येई, आणि जाताना दोनदा मोजून घेई, एकच असली तरी.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी प्रतिमाने ठरवलं, की आता पुरे. तिने स्वतःच पारा सोडला आणि नळ्यांवर खुणा करायच्या वेगळ्या खोलीत बसू लागली. खोलीवर लक्ष दारातून ठेवी. भीमाचार्य रोज एकदा तिथून जात. आत बघायचा मोह होई, विचारायचाही होई. पण ते विचारत नसत. विनंती आलेली नव्हती.

जुलैत मुलगी झाली. भीमाचार्य बारशाला आले. अंबुबाईंनी त्यांना पाटावर बसवलं, पेढा दिला, आणि पाळण्यापासून चार हात लांब ठेवलं.

*

कारखाना एकोणीसशे छप्पनमध्ये सुरू झाला तेव्हा पारा-खोलीत सगळे पुरुषच होते. दोन वर्षांत वाफेने त्यांचे हात थरथरू लागले, म्हणून बायकांना घेतलं.